पेपरात लिहिलेलं पाणी

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बातमी कळली तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि निवडतच राहिले. 'साहेब' म्हणायची सवय मात्र गेली नाही, म्हणून इथेही साहेबच म्हणते.

आमचं मूळ गाव माण. मी शाळेत होते तेव्हा, बासष्टच्या आसपास, बाबा तिथून सायकलवर चिंचवडला कामाला यायला लागले. माळावर एकामागून एक कारखाने उठत होते. त्यातल्या एका मध्यम औषध कंपनीत बाबांना बाटल्या धुण्याच्या खात्यात काम मिळालं. कंपनीचं नाव सांगत नाही. ती कधीच बंद पडली, आता तिथे गोदामं आहेत. रोज सायकल हाणणं जड व्हायला लागलं तसं आम्ही पिंपरीत दोन खोल्यांत राहायला आलो. आई लवकर गेली. घरात बाबा आणि मी. बाबांच्या हातांची कातडी सोड्याच्या पाण्याने कायम पांढरी पडलेली असायची. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझे वडील काय करतात, आणि मी सांगायचे, औषधाच्या कंपनीत आहेत. ते खोटं नव्हतं.

पुण्याला जाऊन येऊन मी बी.एस्सी. केलं आणि बाबांच्याच कंपनीत संशोधन विभागात सहायक म्हणून लागले. बाबा अजून बाटल्यांच्या खात्यातच होते. सकाळी आम्ही एकाच सायकलवरून जायचो. फाटकाशी मी कॅरिअरवरून उतरायचे, बाबा डावीकडे वळायचे आणि मी उजवीकडे.

साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. परदेशात शिकून आलेले, चाळिशीचे, कडक इस्त्रीचे. माणूस हुशार होता, हे मी कधीच नाकारलं नाही. मूर्खाचा सूड घेण्यात काय अर्थ असतो? विभागात आणखी एक सहायक बाई होत्या, पुण्यात वाढलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांना साहेब 'अहो बाई' म्हणायचे. मला 'ए, इकडे ये'. सुरुवातीला मला वाटायचं, आपल्याला घरच्यासारखं मानतात.

कंपनीच्या मागच्या अंगाला स्पिरिटची पिंपं ठेवायची शेड होती. तिथून एक गटार वाहायचं. वर्षानुवर्षं सांडलेल्या स्पिरिटने त्यातल्या चिखलाला गोडसर वास यायचा. साहेबांच्या डोक्यात आलं की या चिखलात स्पिरिटवर जगणारे जिवाणू असणार. चमचा आणि बाटली घेऊन गटारात मी उतरले. जिवाणू निघाले. त्यांना दुसरं काही खायला दिलं नाही, नुसतं स्पिरिट आणि थोडे क्षार दिले, तरी ते झपाट्याने वाढायचे.

हे काम ज्याच्या जोरावर चालतं ते एन्झाइम आम्हाला वेगळं काढायचं होतं. एन्झाइम म्हणजे जिवाणूच्या पोटातलं कामकरी प्रथिन. आमचं एन्झाइम अल्कोहोल पकडून त्याचं ऑक्सिडीकरण करायचं, पण माणसाचं शरीर दारू ज्या वाटेने जिरवतं त्या वाटेने नव्हे. त्याची रीत निराळी होती, आणि ती कशी ते तेव्हा नीटसं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते जिवंत आहे की मेलं, हे बघायची आमची खूण सोपी होती. निळ्या रंगाच्या द्रावणात त्याचा थेंब आणि स्पिरिटचा थेंब टाकायचा. निळा रंग उडाला तर एन्झाइम जिवंत. तो रंग उडताना मी किती वेळा पाहिला असेन, पण दर वेळी बरं वाटायचं.

साहेबांना त्याचा आकार हवा होता. प्रथिन ही एक लांब साखळी असते. ती स्वतःभोवती गुंडाळली जाऊन तिला ठरावीक घडण येते, आणि सगळं काम त्या घडणीमुळे चालतं. ही घडण कुठल्याच मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. पण त्या प्रथिनाचे स्फटिक झाले, म्हणजे कवायतीला उभं राहावं तसे सगळे रेणू रांगेत लागले, तर त्यांच्यातून एक्स-रे सोडून फिल्मवर ठिपके मिळवता येतात. ठिपक्यांवरून आकार काढणारी माणसं असतात. त्यातल्या एक बाई बंगळूरला होत्या. साहेबांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून ठेवला होता. अडचण एवढीच की स्फटिक होत नव्हते.

वर्षभर झाले नाहीत. जिवाणू वाढव, फोड, गाळ, एन्झाइम वेगळं काढ, सेलोफेनच्या पिशवीत भरून बफरच्या, म्हणजे आम्लता कायम राखणाऱ्या क्षारांच्या, पाण्यात कोल्ड रूममध्ये दोन दिवस सोडून ठेव, मग त्यात अमोनियम सल्फेट इतकं हळूहळू घाल की द्रावण गढूळ होता होता थांबलं पाहिजे. हे सगळं मीच करायचे. आणि दर वेळी आठवड्याभरात नळीच्या तळाशी ताकाच्या चोथ्यासारखा गाळ बसायचा. निळा रंगही उडेनासा व्हायचा.

मग एकदा डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉइल जळाली. नवी कॉइल यायला तीन आठवडे लागणार होते. माझ्या हातात ताजं काढलेलं एन्झाइम होतं, ते थांबणारं नव्हतं. साहेब दिल्लीला गेलेले. कंपनीच्या आवारात एक जुनी विहीर होती, तिचं पाणी बागेला वापरत. मी दोन बादल्या पाणी आणलं, गाळलं आणि त्यातच बफर केलं. वहीत लिहिलं, 'पाणी, इतके लिटर'. कुठलं ते लिहायची लाज वाटली. माझ्या लेखी ती बॅच आधीच फेकून दिल्यासारखी होती.

बाराव्या दिवशी नळी उजेडासमोर धरली तर तळाशी काहीतरी चमकलं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. चपट्या, तिरक्या कडांच्या वड्या, फिकट पिवळ्या, कड फिरली की हिरवट झाक मारणाऱ्या. एक थेंब काढून निळ्यात टाकला. रंग उडाला.

साहेब परत आले, त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. मग म्हणाले, "आता तुझं नाव छापून येणार बघ." ते वाक्य मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी त्या दिवशी कोपऱ्यावरून पेढे आणले.

बर्फाच्या थर्मासमध्ये नळ्या घालून साहेब बंगळूरला गेले. महिन्याभराने तिकडून फिल्म आली. काळ्या ठिपक्यांच्या रांगाच रांगा. सोबत बाईंचं पत्र होतं: स्फटिक उत्तम आहेत, एक्स-रेमध्ये थोड्या वेळात मरतात, त्यामुळे पुष्कळ लागतील, याहून मोठे मिळाले तर फारच छान. अशा प्रकारच्या एन्झाइमचा आकार जगात अजून कुणी काढलेला नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं.

साहेबांनी लगेच स्फटिकांवर पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहायला घेतला. टाइप केलेली प्रत आकडे तपासायला माझ्याकडे आली, कारण आकडे माझेच होते. वर दोन नावं होती, साहेबांचं आणि संचालकांचं. संचालक दिवाळीला मिठाई वाटायला आमच्याकडे यायचे, तेवढेच. शेवटी प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांचे तांत्रिक मदतीबद्दल आभार. आणि मधे, पद्धतीच्या भागात, माझ्या वहीतल्या 'पाणी' या शब्दाच्या जागी साहेबांनी लिहिलं होतं: काचेच्या यंत्रातून दोनदा ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, केलेलं पाणी. त्यांनी मला विचारलं नव्हतं. चांगल्या प्रयोगशाळेत जे वापरतात ते त्यांनी लिहून टाकलं होतं.

मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, नावाची आणि पाण्याची. नावापासून सुरुवात केली, ही माझी चूक की त्यांची, कोण जाणे.

दुपारची वेळ होती. विभागात चारपाच जण होते. त्याच वेळी बाबा धुतलेल्या बाटल्यांची ट्रॉली ढकलत आत आले आणि क्रेट उतरवायला लागले.

मी म्हटलं, "साहेब, पेपरवर माझं नाव राहिलंय."

"राहिलेलं नाही. घातलेलं नाही."

"तुम्ही म्हणाला होतात की छापून येईल."

"कौतुक केलं होतं मी तुझं. कौतुक वेगळं आणि पेपर वेगळा." मग त्यांची नजर बाबांकडे गेली आणि त्यांना दृष्टांत सापडला. "हे बघ, तुझ्या वडिलांनी जन्मभर बाटल्या धुतल्या. तू नळ्या धुतेस, भरतेस, थंडीत ठेवतेस. चांगलं काम आहे, कमीपणा काही नाही. पण धुण्याभरण्याला संशोधन म्हणत नाहीत. उद्या हेही म्हणतील, औषधावर माझं नाव छापा."

कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे.

बाबांनी शेवटचा क्रेट टेबलावर ठेवला. "येतो साहेब," म्हणाले, आणि रिकामी ट्रॉली घेऊन गेले. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं, ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं.

संध्याकाळी आम्ही सायकलवरून निघालो. पिंपरीच्या रेल्वे फाटकाशी गाडीसाठी थांबलो, तेव्हा मागे न बघता बाबांनी विचारलं, "खरंच तू केलंवतंस का त्ये?"

"व्हय बाबा."

"समदं?"

"समदं."

गाडी गेली, फाटक उघडलं, आम्ही घरी आलो. त्यांनी भाकरी पुढ्यात घेतली आणि तशीच सारली. माझ्या बापाला मी कधी अन्नाला नाही म्हणताना पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी काही ठरवलं असं नाही. सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं. मला काहीच वाईट करायचं नव्हतं. मी फक्त पेपरात लिहिलंय तसं काम करणार होते.

आधी खात्री करून घेतली. यंत्र दुरुस्त झालं होतं. एकाच बॅचचे दोन भाग केले, एक डिस्टिल्ड पाण्यात सोडला आणि एक विहिरीच्या. दोन आठवड्यांनी पहिल्यात चोथा होता. दुसऱ्यात स्फटिक होते, आधीच्याहून मोठे, नुसत्या डोळ्यांनी दिसावेत एवढे. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. पुढे फार वर्षांनी अशाच एका एन्झाइमच्या घडणीचं चित्र मी पाहिलं. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या लोकांनी काढलेलं. आठ पात्यांचा गोल पंखा असावा तशी ती साखळी गुंडाळलेली असते आणि ऐन मध्यावर, जिथे अल्कोहोल येऊन बसतं तिथे, कॅल्शियमचा एक अणू असतो. तो निघून गेला की एन्झाइम कामातून जातं. दुसराही एक अणू असतो, घडण धरून ठेवणारा. आमच्या काळ्या दगडातल्या विहिरीचं पाणी जड, चुन्याचं. त्यात डाळ शिजायची नाही म्हणून बायका नावं ठेवायच्या. शुद्ध पाणी आमच्या एन्झाइमचं कॅल्शियम हळूहळू धुऊन नेत होतं, आणि विहिरीचं पाणी ते राखत होतं.

तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. काय ते पाण्यात आहे, एवढं ठाऊक होतं, आणि तेवढं पुरे होतं. कोल्ड रूममध्ये मी एकटीच होते. नळी उजेडाकडे धरून ते स्फटिक मनसोक्त पाहून घेतले. मग नळाखाली धरली. साधं पाणी पडताच ते विरघळले, साखर विरघळावी तसे, क्षणात. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट छातीत काहीतरी गरम वाटलं, थंडीत चहा प्यायल्यासारखं.

त्यानंतर मी विभागातली सगळ्यात काटेकोर सहायक झाले. वहीत प्रत्येक पान भरलेलं, प्रत्येक वजन लिहिलेलं. पाण्याच्या ओळीत 'पेपरप्रमाणे'. दर पंधरा दिवसांनी नळीत चोथा. मी नळी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आणि उभी राहायचे.

पहिले दोन महिने ते म्हणाले, होतं असं. मग त्यांनी अमोनियम सल्फेट बदलून पाहिलं. कोल्ड रूमच्या फिटरला बोलावून तापमान तपासलं. जिवाणू थकले असतील म्हणून मला पुन्हा गटारात उतरवलं. मग त्यांना वाटलं, भांड्यांतले धातू उतरून एन्झाइम बिघडत असणार. म्हणून त्यांनी बफरमध्ये ईडीटीए घालायला सांगितलं. ईडीटीए म्हणजे धातूंना कवटाळून बाहेर ओढणारं रसायन. त्यांना नको असलेले धातू जायचे आणि हवा असलेलाही जायचा. मी ते घातलं, जेवायला बसलेल्या पाहुण्याला आग्रहाने वाढावं तसं घातलं. आता तर दोन दिवसांतच निळा रंग निळाच राहायला लागला.

शेवटी ते स्वतः हातमोजे घालून उभे राहिले. स्वतः नळ्या धुतल्या, भरल्या, थंडीत ठेवल्या. मी बाजूला उभी राहून त्यांना हव्या त्या गोष्टी देत होते. त्यांचे हात मात्र चांगले होते, सवय होती. तरी चोथाच. मान खाली घालून ते नळीकडे बघत बसले होते आणि मला वाटत होतं, बाबा ट्रॉली घेऊन आत्ता यायला हवे होते.

बंगळूरकडचे स्फटिक संपले होते. तिकडून पत्रांवर पत्रं येत होती. पेपर छापून आला होता, त्यामुळे परदेशातूनही विचारणा होत होती की आम्हाला हे जमत नाही, तुम्ही नेमकं काय करता? साहेब उत्तर टाळायचे. मग एके दिवशी बंगळूरच्या बाई स्वतःच आल्या.

सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, बुटकी मूर्ती. साहेबांच्या केबिनमध्ये त्या पाच मिनिटं बसल्या आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसल्या. हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायच्या. म्हणाल्या, "ते स्फटिक तुम्ही वाढवलेत. मला त्यांच्या कडांवरून कळतं. हे घाई करणाऱ्या माणसाचं काम नाही."

असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी माझी वही मागितली आणि ओळ न ओळ वाचली. त्यांचा एक विद्यार्थी याच कामावर पीएच.डी. करत होता, दीड वर्ष घातलं होतं त्याने, असं सांगितलं. मग वही मिटली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "पेपरात नाही असं काही तुम्ही करता का? कितीही किरकोळ असेल. काच, पाणी, वेळ, काहीही."

'पाणी' हा शब्द त्यांच्या तोंडून आला. केबिनची काच समोरच होती. आत साहेब फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होते.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "पेपरात आहे तसंच करते."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि माझे आभार मानून उठल्या. तोवर मी फक्त गप्प होते. त्या दिवशी खोटं बोलले.

पुढच्या महिन्यात अनुदान देणाऱ्यांची समिती आली. साहेबांनी मोठी योजना मागितली होती, या एन्झाइमची घडण काढण्याची. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी साधं म्हटलं, "स्फटिक दाखवा ना." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टँडवरची ताजी नळी काढून दिली. म्हाताऱ्यांनी ती उजेडात धरली, हलवली, आणि चोथा वर उठून पुन्हा खाली बसेपर्यंत पाहत राहिले. "हे दही आहे," म्हणाले. बाकीचे हसले. या वेळी कोण कोण हसलं तेही माझ्या लक्षात आहे, आणि त्या सगळ्यांचं भलं होवो.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी साहेब स्कूटरवरून आमच्या घरी आले. पिंपरीतल्या आमच्या गल्लीत असा माणूस आला की पोरं मागे येतात, तशी आली. बाबांनी दार उघडलं. खुर्ची पुसली, पुढे केली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. साहेब पाणी प्यायले, त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "तुम्ही माझ्यावर रागावल्या आहात का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही'.

"कशाबद्दल साहेब?"

"तेच मला कळत नाही. पण पेपरच्या आधी जमत होतं आणि नंतर जमेना. हात तर तुमचेच आहेत. माझं काही चुकलं असेल तर सांगा. बोललो असेन काही कामाच्या गडबडीत."

त्यांना आठवत नव्हतं. ते नाटक नव्हतं. बाबा दाराशी उभे होते आणि साहेब त्यांच्याकडे असे पाहत होते, जसं कुणी अनोळखी माणसाकडे पाहतं. त्या दुपारी आला त्याहून जास्त संताप मला त्या सकाळी आला. आम्ही दोघं बापलेक दीड वर्ष जे उशाला घेऊन झोपत होतो, ते त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुमचं काही चुकलं नाही साहेब," मी म्हटलं. "संशोधनातलं मला कळत नाही. मी धुते आणि भरते."

मला वाटलं होतं, आता तरी आठवेल. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. ते थोडा वेळ बसले, चहा घेतला, बाबांना नमस्कार करून गेले. स्कूटर सुरू व्हायला वेळ लागला, पाचसहा किका माराव्या लागल्या. बाबा दारातून पाहत होते. स्कूटर गेल्यावर आत येऊन म्हणाले, "पुन्ना येईल का गं त्यो?"

"नाही येणार."

"येऊ दी की. आला तर येऊ दी." आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाला मित्रांत बसून त्यांनी सांगितलं की कंपनीचा मोठा साहेब माझ्या पोरीला विचारायला आलावता. मला ते घरात ऐकू येत होतं. बाबांचा आवाज इतका चढलेला मी फार दिवसांनी ऐकला.

परदेशातल्या दोन प्रयोगशाळांनी छापून टाकलं की या पद्धतीने स्फटिक मिळत नाहीत. साहेबांना पेपर मागे घ्यावा लागला. कंपनीने संशोधन विभाग आटोपता घेतला. साहेबांना विक्रीकडे टाकलं. वर्षभर ते डॉक्टरांना औषधांचे नमुने दाखवत फिरले आणि मग कंपनी सोडून गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही. मी हात जोडले. आनंद झाला का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, झाला. बरेच दिवस पुरला. मला औषधांच्या तपासणी खात्यात घेतलं आणि तिथे मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. जिवाणूंच्या नळ्या वाफेत उकळून फेकायचं काम माझ्याकडेच आलं होतं, तेही मी केलं.

ऐंशी सालानंतर बाबा कामावरून निवृत्त झाले आणि आम्ही सांगवीला राहायला गेलो. संध्याकाळी मला जरा सवड मिळायला लागली, आणि ती सवड वाईट. मला बंगळूरच्या बाई आठवायच्या. त्यांचं ते मनगटी घड्याळ, स्टुलावर बसून वही वाचणं. एकदा बसले आणि पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. विहीर, दोन बादल्या, दोन नळ्या, नळाखाली विरघळलेले स्फटिक, आणि त्यांनी विचारल्यावर मी काय म्हटलं ते.

उत्तर दोन आठवड्यांत आलं. छोटं, इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. त्यांनी लिहिलं होतं की जड पाण्यातलं कॅल्शियम असावं, त्यांच्या मनात तशी शंका एकदा येऊन गेली होती, पण वहीवर विश्वास ठेवला. त्यांच्या विद्यार्थ्याने पीएच.डी. अर्धवट सोडली, आता तो बँकेत आहे. जिवाणू शिल्लक असतील तर कळवा, पण नसतील असं गृहीत धरते. आणि शेवटी: 'तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं असतं तर मी घडणीच्या पेपरवर तुमचं नाव पहिलं घातलं असतं.'

बाबा ओट्यावर बसून नखं कापत होते. विचारलं, "कुणाचं गं?" मी पत्र मराठीत करून वाचून दाखवलं, बँकेतल्या मुलासकट. माझी अपेक्षा होती की ते साहेबांना दोन शिव्या घालतील, आणि मग मला बरं वाटेल.

त्यांनी नखं कापणं थांबवलं. मग म्हणाले, "या बाईचं आपल्यासंगट काय भांडान व्हतं?"

मी म्हटलं, "काही नव्हतं."

"आन् त्या पोराचं?"

बाबा उठले, चपला घातल्या आणि नदीच्या बाजूला फिरायला गेले.